खंडेनवमीला धुतलेला थर

चाकणजवळच्या निघोज्यात रोहिणी येळवंडेबद्दल विचारलं, की लोक आधी नाक मुरडतात आणि मग माहिती देतात. "हुशार हाय, पण बोलायची सोय न्हाई," असं म्हणतात. गाव उगाच तिची बदनामी करतं असं म्हणावं, तर तसंही नाही. रोहिणीशी बोलायची खरोखरच सोय नसते. सहावी-सातवीत असताना गावच्या सप्त्यात काल्याच्या दिवशी अध्यक्षांनी माईकवरून सांगितलं, की यंदा पन्नास हजार माणूस जेवून गेलं. टाळ्या पडल्या. ही पोर पुढेच बसली होती. तिने विचारलं, "मग पत्रावळ्या किती आणल्या होत्या?" अध्यक्ष म्हणजे तिचे सख्खे चुलते कोंडीराम. त्यांनी घरी आल्यावर तिच्या आईला, तानाबाईला, बरंच ऐकवलं.

तेव्हापासून तिच्यात काडीचा फरक पडलेला नाही. चुकलेलं गणित समोर दिसलं की तिला राहवत नाही. माणसाचं मन राखायला एखादं गणित चुकू द्यावं हे तिला कुणी शिकवलं नाही, आणि शिकवलं असतं तरी तिने ऐकलं नसतं. तिचं शिक्षण याच स्वभावावर झालं. गावात दुसरी पोरं कंपनीत लागली म्हणजे लाइनवर लागली, पोरींची लग्नं झाली, आणि ही पुण्याला जाऊन गणितात एमएस्सी करून आली. पुढे पुनावळ्यातल्या एका सोसायटीच्या फ्लॅटमध्ये थाटलेल्या सल्लागार फर्ममध्ये चिकटली.

तिथे ती काय करते हे गावात कुणालाच नीट सांगता येत नाही. तानाबाई "पाण्याच्या कंपनीत हाय" एवढं सांगून मोकळी होते. खरं तर रोहिणी बुळबुळीत थराचं गणित मांडते. ओढ्यातल्या दगडावर, पाइपात, टाकीच्या भिंतीवर, झालंच तर आपल्या दातांवर जो बुळबुळीत थर धरतो, ती जिवाणूंची वस्ती असते. एकटा जिवाणू पाण्याबरोबर वाहून जातो, पण चिकट लेप करून त्यात दाटीने राहिले की ते सहसा हलत नाहीत. मग त्या वस्तीत जागेवरून रेटारेटी होते, खाण्यावरून होते, हवेवरून होते. थर किती जाड होईल, त्यात वर कोण राहील, तळाशी कोण दबेल, प्राणवायू कुठवर पोचेल, हे सगळं रोहिणी समीकरणांत लिहिते आणि कॉम्प्युटरवर पुढचे महिने चालवून बघते. माणसांशी पटत नाही म्हणून ही जिवाणूंकडे वळली असं फर्ममधले लोक तिच्या माघारी म्हणतात. पण जिवाणूंवरही तिचं काही प्रेम नाही. ओठात एक आणि पोटात एक असं ते करत नाहीत, एवढाच तिला त्यांचा चांगुलपणा वाटतो.

तर अशा या बाईच्या हातात यंदा दसऱ्यानंतर तिच्या चुलतभावाचं कंत्राट सापडलं. कोंडीरामांचा मुलगा मालोजी चाकणच्या एका कंपनीत साफसफाईचा कंत्राटदार आहे आणि निघोज्याची बरीच पोरं त्याच्याकडे कामाला आहेत. रोहिणीने अहवालात एक ओळ लिहायची, की मालोजीचं कंत्राट गेलं आणि पोरांचा रोजगारही गेला, अशी वेळ आली. आणि लपवण्यात अर्थ नाही, ते जावं असं रोहिणीला मनापासून वाटत होतं.

त्यामागे कारण होतं. रोहिणी एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला असताना मालोजीने तिच्यासाठी स्थळ आणलं होतं, आणि तेही स्वतःच्या बायकोच्या भावाचं. सुपारी फुटली. मग मुलाकडच्यांनी निरोप धाडला, की आता दुसरं वर्ष करायची गरज नाही. रोहिणीने मधल्या कुणाला काही न सांगता थेट मुलाला फोन लावला आणि म्हणाली, "मग दुसरी बघा." सासुरवाडीत मालोजीला तोंड दाखवायला जागा राहिली नाही. तो अंगणात येऊन भाऊकीसमोर म्हणाला, "आजपासनं ही माझी कोण न्हाई." तिनेही तिथल्या तिथे सुनावलं, "बरं झालं, एक कमी झाला."

त्या दिवसापासून अबोला. आता, आपल्याकडे अबोला म्हणजे नुसतं गप्प बसणं नसतं, त्यालाही रीत असते. एकाच लग्नाला जायचं, एकाच पंगतीला बसायचं, पण बोलायचं ते तिसऱ्या माणसाकडे तोंड करून. "त्यांना म्हणावं, गाडी आडवी लावलीया," असं रोहिणी आईला सांगणार, आणि हातभर अंतरावर उभा असलेला मालोजी आईलाच उत्तर देणार, "काढतो म्हणावं." तानाबाईने अशी कित्येक वर्षं मधे उभं राहून काढली. या रीतीत एकच खोट आहे. मधे तिसरं माणूस नसलं, तर निरोप पोटातच राहतो.

ज्या कंपनीत मालोजीचं कंत्राट, त्याच कंपनीत मैलापाण्याच्या थराचं गणित मांडायचं काम रोहिणीकडे यावं, हा चाकणचा महिमा. कंपनी गाड्यांचे सुटे भाग करते. तीनही शिफ्टच्या माणसांचं कॅन्टीन, संडास, न्हाण्या यांचं सगळं मैलापाणी मागच्या कुंपणाजवळच्या प्लांटमध्ये येतं. तिथे एका आडव्या दांड्यावर माणसाहून उंच प्लास्टिकच्या चकत्या दाटीने ओवल्या आहेत. दांडा सावकाश फिरतो, चकत्या अर्ध्या पाण्यात बुडतात आणि अर्ध्या हवेत राहतात. चकत्यांवर तपकिरी-काळपट थर धरतो, आणि पाणी साफ होतं ते त्या थरामुळे. यंत्राचं काम चाक फिरवण्यापुरतंच. साफ झालेलं पाणी कंपनीच्या बागेला जातं आणि उरलेलं मागच्या ओढ्यात.

त्या थरात वरच्या अंगाला राहतात ते जिवाणू भराभर खाणारे आणि भराभर वाढणारे. त्यांच्याखाली अमोनिया खाणारे राहतात. ते इतके मंद, की त्यांची वस्ती उभी राहायला आठवडेच्या आठवडे जातात. हवा वरून येते, ती आधी वरच्यांना मिळते आणि उरली तर खालच्यांना. रोहिणीच्या पुनावळ्याच्या सोसायटीत टँकर आला की ज्यांचे नळ आधी भरतात ते आंघोळी उरकतात आणि बाकीचे बादल्या घेऊन उभे राहतात, तशातला प्रकार. फरक इतकाच, की थरातल्या मंद मंडळींची तक्रार कुणी ऐकत नाही आणि ते मेले तर पाण्यातला अमोनिया जसाच्या तसा बाहेर पडतो. दर आठवड्याला येऊन रोहिणी पात्याने चिमूटभर थर खरवडायची, जाडी मोजायची, आत किती खोलवर हवा पोचते ते सुईएवढ्या यंत्राने तपासायची. अख्खा पावसाळा तिने समीकरणं आणि हा थर यांचा मेळ बसवण्यात घालवला.

या प्लांटचे साहेब अनंत टिकेकर. पाणी, हवा, वीज या सगळ्या खात्याचे मॅनेजर. इस्त्रीचा शर्ट, बोलणं मृदू, आणि स्वच्छतेचं वेड इतकं, की ऑडिटला येणारे पाहुणे त्यांच्या विभागात बूट काढून जावं का असं विचारायचे. रोहिणीला वरच्या ऑफिसने नेमलं हे त्यांना पहिल्या दिवसापासून झोंबलं होतं. पहिल्याच भेटीत ते हसत म्हणाले, "चिखलाचंही गणित असतं हे आम्हाला नवीन आहे, मॅडम." रोहिणी हसली नाही. "तुमचा प्लांट तो चिखलच चालवतो," ती म्हणाली. "तुम्ही फक्त मोटर चालू करता." त्यानंतर तिला प्लांटवर कधी वेळेवर गेटपास मिळाला नाही. कधी शिडी मिळाली नाही, तर कधी दाराला कुलूप असायचं.

आता खंडेनवमीचं. या पट्ट्यात खंडेनवमीला कंपनी कुणाचीही असो, मालक कुठल्याही देशातला असो, मशीन धुतल्याशिवाय आणि मशीनला झेंडूचा हार घातल्याशिवाय दसरा उजाडत नाही. लेथ पुसतात, प्रेस पुसतात, फोर्कलिफ्टला हळदकुंकू लावतात, नारळ फोडतात. वर्षभर ज्याने पोट भरलं त्याला एक दिवस आंघोळ घालायची, यात चूक काहीच नाही. पण प्लांटवरचं ते चाकही मशीनच, तेही धुतलं जाणार, हे रोहिणीच्या लक्षात होतं. ती निघोज्याची, तिच्या नाही लक्षात राहणार तर कुणाच्या? म्हणून तिने नवरात्र बसायच्या आधीच टिकेकरांना मेल केली, की मोटर, दांडा, पत्रा काय हवं ते पुसा, पण चकत्यांवरचा थर काढू नका, तो काढला तर प्लांट बंद पडल्यात जमा. टिकेकरांनी "नोटेड" असं एका शब्दाचं उत्तर पाठवलं.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ती नमुने घ्यायला प्लांटवर होती. तेवढ्यात मालोजी चार पोरं घेऊन आला. चाकाकडे हात करून पोरांना म्हणाला, "उद्या पूजेला हे असं चमकाय पायजे, की त्यात तोंड दिसलं पायजे. जेट पंप लावा. कोपऱ्याकोपऱ्यातनं हाणा." पोरं पाइप आणायला गेली. मागे राहिले ते दोघंच. चाक सावकाश फिरत होतं, पाणी ठिबकत होतं. मालोजी कठड्याला टेकून मोबाइल बघत होता आणि रोहिणी बाटलीचं झाकण लावत होती.

तिला कळलं होतं, की टिकेकरांनी याला काही सांगितलेलं नाही. एका वाक्याचं काम होतं. पण मधे तिसरं कुणी नव्हतं. आणि खरं सांगायचं तर वाक्य जिभेवर आलं तेव्हाच पोटातून दुसरं काहीतरी वर आलं. होऊ दे. हाण जेट. मेल केलेली आहे, आपलं काम झालं, आता याचं काय व्हायचं ते होऊ दे. तिने बाटली पिशवीत टाकली आणि त्याच्या बाजूने निघून गेली.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या ग्रुपवर फोटो आला. चाक पांढरंशुभ्र, झेंडूचा हार, खाली रांगोळी, शेजारी टिकेकर हात जोडून उभे. फोटोखाली लाइकच्या अंगठ्यांचा पाऊस पडला होता. रोहिणीने तो फोटो मोठा करून पाहिला. चकत्यांवर थराचा मागमूस नव्हता.

दसऱ्यानंतर कंपनी सुरू झाली, मैलापाणी यायला लागलं आणि जसं आलं तसंच पुढे जायला लागलं. अमोनियाचा आकडा चढत गेला. बागेतली हिरवळ करपली, ओढ्याला उग्र दर्प यायला लागला आणि काठाशी मेलेले मासे लागले. निघोज्याची माणसं गेटवर आली. कंपनीला सरकारी नोटीस मिळाली. नोटीस आली की कंपनीला लगेच एक माणूस लागतो, ज्याच्याकडे बोट दाखवता येईल, आणि टिकेकरांनी ते बोट तयारच ठेवलं होतं. मॅडमची मेल मी कंत्राटदाराला तोंडी सांगितली होती, ते म्हणाले. त्याने ऐकलं नाही, पोरांना जेट मारायला लावला. मालोजी म्हणाला, मला कुणीच काही सांगितलं नाही. आंधळ्यालाही दिसावं की खोटं कोण बोलतंय, पण एकाच्या अंगावर इस्त्रीचा शर्ट होता आणि दुसऱ्याच्या शर्टावर चिखलाचे डाग.

गावानेही मालोजीला सोडलं नाही. "आपल्याच माणसानं वढा नासवला," असं चावडीवर उघड बोलणं सुरू झालं. त्याच्याकडे कामाला असलेल्या पोरांच्या आयांनी त्याला दारात उभं राहून जाब विचारला. टिकेकरांच्याही वरच्या, अख्ख्या कारखान्याच्या प्रमुख अरुंधती मॅडमनी फर्मला सांगितलं, की थर नेमका कशाने गेला ते तुमच्या मॉडेलवरून लिहून द्या, कंत्राटाचा निर्णय त्यावर होईल.

रोहिणी रविवारी निघोज्याला आली तेव्हा तानाबाई भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही.

"लिवून टाक," ती म्हणाली. "आमाला भर अंगणात बोलला तवा त्यानं कुठं विचार केला व्हता?"

"लिहिणारच आहे," रोहिणी म्हणाली.

आणि तिने प्रयत्न केला. मालोजीला दोषी ठरवायला तिने जेवढी मेहनत घेतली तेवढी एमएस्सीलाही घेतली नव्हती. गणित तसं सरळ होतं. जेटने थर गेला असं धरायचं, मॉडेल पुढे चालवायचं, आणि अमोनियाचे रोजचे आकडे त्या रेषेवर बसतात का बघायचं. बसले नाहीत. चकत्यांमध्ये जेमतेम बोटभर फट. जेटचा मारा बाहेरच्या कडेला बसतो, आत दांड्याजवळ पोचतच नाही. तिथला थर जिवंत राहिला असता, त्यातून वस्ती परत पसरली असती आणि दिवाळीच्या आतच आकडा खाली यायला लागला असता. खरा आकडा मात्र दिवाळी उलटली तरी वर जाऊन तिथेच ठाण मांडून बसला होता.

तिने थंडी वाढवून पाहिली. मैल्याचा भार वाढवून पाहिला. मंद जिवाणू आणखी मंद करून पाहिले. स्वानंद, म्हणजे फर्मचा मालक, तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. माणूस वाईट नाही, पण त्याला बिलाची चिंता होती. "एक-दोन स्थिरांक अजून थोडे हलव ना," तो म्हणाला. "टिकेकरांशी वाकडं घेऊन आपल्याला पुढचं काम मिळायचं नाही. आणि हाऊसकीपिंगवालाच आहे तो. तुझा तरी कोण लागतो?"

"कोणीच नाही," रोहिणी म्हणाली आणि तिने स्थिरांक हलवले. एवढे हलवले, की रेषा अखेर आकड्यांवर जाऊन बसली. अगदी चपखल बसली. ती रेषा सांगत होती की मालोजीच गुन्हेगार, आणि रोहिणी त्या रेषेकडे बघत बसली. तिला आनंद झाला, तोंडात कडू चव असतानाही झाला. फक्त त्या रेषेतले जिवाणू जगात कुठेच नव्हते. इतके मंद जिवाणू असते तर ते जन्माला यायच्या आधीच मेले असते. चुकलेलं गणित समोर होतं, आणि ते तिचं स्वतःचं होतं. तिने एक शिवी हासडली. ती मालोजीला होती, टिकेकरांना होती की स्वतःला, ते फर्ममधल्या कुणाला समजलं नाही. मग तिने ती फाइल उडवून टाकली.

त्यानंतर तिने दुसरी शक्यता धरली, की थर निघाला नाही, मारला गेला. सगळाच्या सगळा, आतबाहेर. ती रेषा काहीही न हलवता आकड्यांवर बसली. रोहिणी लगेच चाकणला गेली, लांब दांड्याची खरवडणी घेऊन चकत्यांच्या फटीत हात घातला आणि दांड्याजवळून जे निघालं ते बाटलीत भरलं.

मीटिंग कॉन्फरन्स रूममध्ये झाली. अरुंधती मॅडम मधे, टिकेकर त्यांच्या उजव्या हाताला, स्वानंद मोबाइलमध्ये डोकं घालून. मालोजीला बोलावलं होतं पण बसायला कुणी सांगितलं नाही, म्हणून तो दाराशी उभा होता. चपला त्याने बाहेर काढल्या होत्या. रोहिणीने त्याच्याकडे पाहिलं नाही आणि त्यानेही तिच्याकडे पाहिलं नाही.

"जेट मारला तर थर जातो, हे खरं ना?" मॅडमनी विचारलं.

"वरचा जातो," रोहिणी म्हणाली. तिने भिंतीवर दोन रेषा दाखवल्या. "ही नुसत्या जेटची. जिवाणू वाढतात ते असलेल्यांच्या पटीत. थोडे उरले तर थोड्यांपासून वाढतात. दिवाळीच्या आत पाणी सुधारलं असतं. ही दुसरी रेषा, काहीच उरलं नाही तर काय होईल त्याची. शून्याची कितीही पट करा, शून्यच राहतं. मग मैलापाण्याबरोबर चुकूनमाकून जे येतील आणि चिकटतील त्यांच्यावर भरवसा. हे ठिपके तुमच्या लॅबचे आकडे आहेत. कुठल्या रेषेवर आहेत ते दिसतंय."

"मॉडेल आहे हे," टिकेकर शांतपणे म्हणाले. "मॉडेलमधून काय वाटेल ते काढता येतं."

"येतं," रोहिणी म्हणाली. "मी काढून पाहिलं. कंत्राटदार दोषी निघावेत म्हणून सगळं करून पाहिलं. त्यासाठी जिवाणू खोटे करावे लागतात." स्वानंदने मोबाइलमधून डोकं वर काढलं. रोहिणीने बाटली टेबलावर ठेवली. "हा थर दांड्याजवळचा. जागचा हललेला नाही, चांगला जाड आहे, पण पांढराफटक आणि मेलेला. पाण्याच्या माऱ्याने थर निघून जातो. पांढरा पडून जागेवर राहत नाही. हा हायपोने मेलाय."

हायपो म्हणजे टाक्या निर्जंतुक करायचं ब्लीचचं पाणी. कंपनीत ते कुठे असतं आणि त्याची किल्ली कुणाकडे असते हे टेबलाभोवतीच्या सगळ्यांना माहीत होतं. अरुंधती मॅडमनी मान वळवून टिकेकरांकडे पाहिलं.

टिकेकरांचा आवाज तेव्हा पहिल्यांदा चढला. "मग काय करायचं होतं? या लोकांनी जेट मारून अर्धं पांढरं, अर्धं काळं करून ठेवलं होतं. कोड फुटल्यासारखं दिसत होतं. सकाळी पूजा, दसरा झाला की ऑडिट. ते तसं ठेवायचं? त्यांनी हातच लावला नसता तर मला हायपो टाकायची वेळच आली नसती."

त्यातलं शेवटचं वाक्य खरं होतं, आणि ते रोहिणीच्या वर्मी लागलं. तिने लॅपटॉप मिटला.

कंपन्यांचं असतं तसंच पुढे झालं. टिकेकरांची बदली कंपनीच्या दुसऱ्या कारखान्यात झाली, आणि ऐकण्यात आलं ते असं, की पद एक पायरी वरचंच मिळालं. मालोजीचं कंत्राट राहिलं. स्वानंदच्या फर्मला पुढचं काम मिळालं नाही, आणि ते कुणामुळे मिळालं नाही हे तो रोहिणीला रोज नव्या शब्दांत ऐकवत राहिला. दुसऱ्या प्लांटमधून गाळ आणून चाकावर सोडला, तेव्हा कुठे थर धरायला सुरुवात झाली. गावात मात्र कुजबुज उलटी सुरू झाली, की शेवटी रक्ताचं नातं, बहिणीने भावाला वाचवलं. तानाबाईला आया-बाया येऊन सांगून गेल्या. तिने लेकीला फक्त एवढं विचारलं, "आता तरी बोलाल का दोघं?"

रोहिणीलाही आतून तसं वाटत होतं. आभार मानावेत अशी तिची अपेक्षा नव्हती, असं ती स्वतःला सांगत होती. पण एखादा शब्द येईल, साधा "कशी हाईस" एवढा, अशी आशा होती, आणि आपल्याला अशी आशा आहे याचा तिला रागही येत होता. शेवटचे नमुने घेऊन काम बंद करायला ती प्लांटवर गेली तेव्हा मालोजी तिथे होता. चाकावर तपकिरी झाक आली होती. त्याने पोरांना दुसरीकडे पाठवलं आणि तिच्या समोर येऊन उभा राहिला. मधे कुणी नव्हतं.

"रोहिणे," तो म्हणाला.

तिने हातातली बाटली खाली ठेवली.

"खंडेनवमीच्या आदल्या दिशी तू हितंच व्हतीस. मी पोरांना काय सांगत व्हतो ते तू ऐकलंस. व्हय का न्हाई?"

तिच्याकडे उत्तरं होती. मेल केली होती, सांगणं साहेबांचं काम होतं, कंत्राटदाराला परस्पर सूचना द्यायची नाही असा नियम होता. सगळी उत्तरं बरोबर होती.

"ऐकलं," ती म्हणाली.

"आन् गेलीस निघून."

"व्हय."

"पोरांच्या आया माझ्या दारात येऊन रडत व्हत्या. बापानं अन्न सोडलं व्हतं चार दिस. तुझ्या एका शब्दाचं काम व्हतं." त्याचा आवाज चढला नव्हता. "का न्हाई बोललीस?"

रोहिणीने त्याच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांनी जवळून पाहिलं, तर त्याच्या कानशिलावर केस पिकले होते.

"दादा, आपलं बोलणं नव्हतं," ती म्हणाली.

मालोजीने कठड्यावरचा हात काढला.

"आता बी न्हाई," तो म्हणाला आणि पोरांना हाका मारत गेटकडे निघून गेला.